जिवंतपणी घडवलेली समाधी

जेनोव्हा बंदराच्या वरच्या अंगाला जेर्वाझिओ तास्सारा थडग्यांवरच्या मूर्ती घडवायचा. मेलेल्या माणसाला देखणं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सरदार फुल्जेन्झिओंनी मात्र त्याच्याकडे जिवंत माणूस आणलं. त्यांची बायको, ओर्तेन्सिया. छातीच्या दुखण्यानं पार खंगलेली, खुर्चीत बसवून गड्यांनी उचलून आणलेली.

"ही हिवाळा काढत नाही म्हणे," सरदार तिच्यादेखतच बोलले. "चेहरा धड आहे तोवर उतरवून घे."

"सरकार, बाईसाहेबांना त्रास होईल..."

"त्रास कसला? पडून तर राहायचंय. सवय होईल तेवढीच."

तिला फळीवर निजवलं, हात छातीवर जुळवले. रोज दुपारी सरदार समोर बसून संत्री सोलत हुकूम सोडायचे. गाल अजून बसव. हनुवटी काढ.

एकदा ते अंगणात गेले, तशी ती कुजबुजली, "जेर्वाझिओ, दगडात माझे डोळे उघडे ठेवा. बाकी काही मागत नाही."

"ठेवतो, बाईसाहेब. शब्द देतो."

त्यानं ठेवलेही. नजर अशी उतरली की त्याची बायको मद्दालेना दारातच थबकली. "अहो, ही उठून बसेल की!"

सरदारांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली. "माझ्याकडे बघतेय ही. मिटव."

ओर्तेन्सिया फळीवरून जेर्वाझिओकडे बघत राहिली. त्यानं तिच्याकडे पाठ केली, कानस उचलली आणि बुबुळं घासून त्यांच्या पापण्या केल्या.

वसंतात सगळंच उलटं झालं. सरदार तापानं बघता बघता गेले आणि ओर्तेन्सिया अंथरुणातून उठली. मूर्ती घेऊन ये, असा तिचा निरोप आला.

"नशीब उघडलं तुमचं," मद्दालेना म्हणाली आणि तिनं त्याला ठेवणीतला कोट काढून दिला.

महालाच्या चौकात नोकरचाकर गोळा झाले होते. मूर्ती बैलगाडीतून उतरवली.

"तुझ्या हातची ही सगळ्यात चांगली ना?" ओर्तेन्सियानं विचारलं.

"होय, बाईसाहेब. जन्मात एकच साधते अशी."

"मग फोड."

त्याला थट्टाच वाटली. कुणी हसेना, तसा तो गुडघ्यांवर आला. "डोळे उघडून देतो, बाईसाहेब. अजून कोरता येतील."

"आता कशाला? मेलेय ना मी?"

"सरकारांनी सांगितलं, मी काय करणार होतो?"

"बरोबर. आज मी सांगतेय."

त्यानं हातोडा पायांवर उगारला.

"तिथून नको. तोंडापासून."

पहिला घाव त्यानं मुद्दाम हलका घातला. नाकाचा शेंडा उडाला आणि एक मोलकरीण फिस्सकन हसली. मग मात्र हात आपोआप चालू लागले. दगड कुठून चिरतो हे त्यांना पाठ होतं.

मजूर तुकडे चुनाभट्टीच्या गाडीत भरू लागले. त्यानं त्यातला एक हात पोटाशी धरला. "एवढा तरी राहू द्या."

तिनं तो मागून घेतला, आपल्या हाताशी लावून पाहिला. "बोटं छान जमलीत." आणि गाडीत टाकला. "तबेल्याला चुना लावून घ्या रे याचा."

जेर्वाझिओ हत्यारं गोळा करायला वाकला.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "सरदारांची मूर्ती करायचीय. हसरी कर."

"जी, बाईसाहेब," तो म्हणाला.