नवीन मंडळींच्या ग्रुपचा संताप

मी ग्रुप बोलून राहिलो. मोबाइलमधला. 'तलावपाणी, नवीन मंडळी' हे माझं नाव, आणि आज माझं डोकं पार सटकलं आहे. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

तलावपाणी हे ॲप आहे. गावतलावाचं पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जाणार, ते धानवाल्याइले मोबाइलवर सांगते. ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, कोणाच्या बापाची जहागीर नाही. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या भुपेंद्रनं ते सुरू केलं, भंडाऱ्याच्या अतुलनं हात लावला, लाखांदूरची मेघा मागून आली. काम वाढलं तशी मेघा म्हणाली, "नव्या पोट्टेपोट्टींसाठी वेगळा ग्रुप काढू. त्याइले शिकवू."

असा मी जन्मलो. पहिल्या दिवशी काय थाट! फुलं काय, जोडलेले हात काय, "हार्दिक स्वागत" काय!

मग या तिघांनी आपल्यापुरता एक ग्रुप काढला. काहून? तर म्हणे, "तिकडे लय गर्दी होते." कामाचं सगळं बोलणं तिथं गेलं. माझ्या वाट्याले सकाळचे सुविचार आणि वाढदिवसाचे केक. एकाच मोबाइलमध्ये आम्ही शेजारी, म्हणून मले सगळं ऐकू येते.

अशात सानगडीची रक्षा माझ्यात आली. कॉम्प्युटर शिकलेली. तिचा बाप टिकाराम धान लावतो, आणि त्याची बांधी तलावातून निघालेल्या नहराच्या पार शेवटी. पाण्याची पाळी बदलली की शेवटच्या बांधीवाल्याइले निरोप जातच नाही, ही चूक तिनं पकडली. आपल्या लॅपटॉपवर दुरुस्तही करून पाहिली. मग माझ्यात लिहिलं, "सर, निरोपाची चूक सापडली. दुरुस्त करू का?"

आमच्याकडे हीच रीत आहे. लोकाच्या बांधीत पाय टाकायचा तर आधी आवाज द्यायचा. या कामात मात्र रीत उलटी. इथं विचारायचं नसते. दुरुस्ती करून पाठवायची, जुने लोक तपासून घेतात. पण हे तिले सांगणार कोण? मेघाले वाटलं अतुल सांगीन. अतुलनं त्या तिघांच्या ग्रुपमध्ये लिहिलं, "नवीन लोक नुसते विचारतात. करत कोणी नाही." भुपेंद्रनं त्याले हसरं तोंड चिकटवलं. अरे, "करा, पाठवा" एवढं लिहायले बोटं झडत होती काय तुमची?

रक्षानं पुन्हा लिहिलं, "सर, पाहिलं का?" निळ्या खुणा सगळ्यांच्या, उत्तर कोणाचंच नाही.

"काहून वो, मोबाइलकडेच पाहून राहिली?" टिकाराम विचारे.

"साहेब लोक हो म्हणतीन त पाठवतो, बाबा."

"पाठवून दे ना मंग."

"न विचारता कसं? लोकाचं काम आहे थे."

धान गर्भात आलं, पाण्याची खरी गरज तेव्हाच, आणि पाळी अलीकडे सरकली. निरोप आला नाही. टिकाराम त्या दिवशी साकोलीले गेलेला, बांधीचं तोंड बंद. पाणी आलं आणि पुढे नाल्यात गेलं. संध्याकाळी तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुले त चूक मालूम होती ना, बाई?"

रक्षा रडली, आणि माझ्यातून निघून गेली. तेव्हापासून मले तिचं घर दिसत नाही.

तक्रारी आल्या तेव्हा कुठे या लोकाइले जाग आली. भुपेंद्र धावत माझ्यात आला, "रक्षाजी, करा दुरुस्ती." जिथून ती निघून गेली, तिथंच! अतुल म्हणे, "नव्यांसाठी मार्गदर्शन समिती काढू." लगेच टाळ्या. वरातीमागून घोडं!

मेघा भडकली. "समिती गेली चुलीत. तिच्या घरी कोण जाते, ते बोला." दोघांनी नुसते अंगठे चिकटवले. मग ती स्वतःच एसटीनं सानगडीले गेली. मी तिच्या पर्समध्येच होतो.

रक्षानं चटई टाकली, पाणी दिलं. मेघा म्हणाली, "चुकलं आमचं. माझंही. चाल, मी शिकवतो तुले."

"शिकाचा कंटाळा नाही मले, ताई," रक्षा म्हणाली. "पण तुमचं बोलणं चालते बंद खोलीत, अन् आमी बसून राहतो ओसरीत. थो तिघाइचा ग्रुप बंद करा. जे बोलाचं थे सगळ्याइसमोर बोला. मंग मी आजच पाठवतो."

मेघानं तिथंच तो ग्रुप सोडला आणि रक्षाचे शब्द जसेच्या तसे माझ्यात टाकले. ही कालची दुपार. भुपेंद्रनं वाचलं, अतुलनं वाचलं. खुणा दिसून राहिल्या मले, मी काय आंधळा आहे? आणि तो ग्रुप बंद करावा काय, याची चर्चा ते दोघं करून राहिले, कुठे? त्याच ग्रुपमध्ये!

अरे, लाज वाटू द्या जराशी. शनिवारी पुन्हा पाणी सुटणार आहे, पाळी पुन्हा बदलली आहे, आणि शेवटच्या बांधीवाल्याइले निरोप अजूनही जात नाही. टिकारामचं अर्धं धान वाळलं, अर्धं अजून हिरवं आहे. भुपेंद्र, अतुल, या इकडे आणि सगळ्याइसमोर बोला. नाही म्हणायचं असेल तर तेही इथंच म्हणा.