हकिमांचा खल आणि दारामागची चटई

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खल आहे, आणि चांगलाच जळकुकडा आहे. सुरतेच्या भट्टीत मला ओतलं. आगगाडीनं नंदुरबारला आणि तिथून बैलगाडीनं शहाद्याला, नजीर हकिमांच्या दवाखान्यात मी आलो. हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध, काय काय मी पोटात घेऊन त्याचा भुगा केला! कुणाचा ताप उतरला की लोक म्हणत, "हकिमसाहेबांच्या खलाला गुण आहे." मी फुगून जायचो.

मग आतल्या खोलीत एक चटई आली. साधी, शिंदीच्या पानांची. ज्यांना ताप नव्हता पण ज्यांचा जीव कशातच लागत नव्हता, अशांना हकीम तिच्यावर बसवत, दार लोटून घेत आणि नुसते ऐकत. पुडी नाही, काढा नाही. मला मात्र ओसरीवर दाराशी ठेवत आणि हकिमांची बायको बिबीजान माझ्यात काहीही न घालता बत्ता आपटत बसे. रिकाम्या पोटी मार! माणसं हलकी होऊन बाहेर येत आणि नाव होई चटईचं. माझा नुसता तिळपापड होई. तिला उंदरांनी कुरतडावं, असं मला रोज वाटे.

एके दिवशी लोणखेड्याची तापीबाई पहिल्यांदाच आली. सोबत सासू धनुबाई. तापीबाईचं तान्हं बाळ पावसाळ्यात गेलं होतं. तेव्हापासून ती धड जेवत नव्हती, आणि थोरल्या जावेचं मूल कुणी मांडीवर दिलं की उठून जात होती. धनुबाई ओसरीवरच म्हणाली, "हिना मनमा काय शे ते माले समजाले जोयजे. पोरनं वाईट चिंतत व्हई, ते हिले कायमनी माहेर धाडी देसू."

तापीबाईनं ते ऐकलं. चटईच्या अगदी कडेला ती अंग चोरून बसली.

हकीम म्हणाले, "माय, आज औषध नई, नाडी बी नई. बोलनं व्हई ते बोल, नई ते गुपचूप बस. पटनं ते परत येजो."

"आनि भाहेर कोनी आयकी ते?"

"आठेनी गोट आठेच ऱ्हाई."

दार लागलं आणि बत्ता पडू लागला. धनुबाई सरकत सरकत दाराशी आली आणि फटीला कान लावून बसली. थोड्या वेळानं बिबीजाननं घाम पुसायला हात थांबवला. तेवढ्यात आतून आवाज आला, "जेठानीना पोरले दखस ना, ते मन्हा जीव..." आणि मध्येच तुटला. पुढचा शब्द माझ्यासारख्या जळकुकड्याला कुणी सांगायला नको होता.

"काय म्हनी ती?" धनुबाईनं विचारलं.

"माले काय म्हाईत! मन्हं ध्यान खलमा व्हतं," असं म्हणून बिबीजाननं बत्ता असा हाणला की मी कधी नव्हे इतका दणाणलो. आणि मित्रांनो, त्या दिवशी मी मन लावून दणाणलो. आत ती बोलत होती की रडत होती, ते मलाही ऐकू येईना.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तापीबाईचे डोळे लाल होते. तिनं पाणी मागितलं, मग भाकरीही मागितली. ती आत काय बोलली, ते धनुबाईनं हकिमांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "थकेल शे ती. पुढला बाजारना दिनले आखो लई या."

निघताना तापीबाई बिबीजानच्या कानाशी वाकली. "मी येसू. पन हाऊ खल कुटत ऱ्हाज्या."

ती येत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात जावेच्या पोराला कडेवर घेऊन आली. त्या पोरानं माझ्यात चिंचोके टाकले.

आता हकीम नाहीत, चटईचाही चुरा झाला. मी एका कोपऱ्यात गंजतो आहे. शहाद्यातली म्हातारी माणसं अजून तिचंच नाव काढतात आणि मी अजून जळतो. तरी एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी पहिल्यांदाच मन मोकळं करायला बसलं, तर दाराला कान लावू नका. बाहेर बसा आणि थोडी भांडी वाजवा.