आम्ही शनिवारी बसतो

माझा धाकटा भाऊ काचा बसवतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, क्वचित आरशांच्या. काच कापताना त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा घरात सगळ्यांनी ते मनावर घेतलं. त्याआधी तो पिऊन जिन्यात झोपायचा, ते मात्र आम्ही चालवून घेतलं होतं. शेवटी भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली. आरडाओरडा केला नाही. दारू सोडणाऱ्यांच्या एखाद्या गटात जाऊन त्याने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने 'मी दारुडा आहे' म्हणावं, मग मी येते, एवढंच म्हणाली. म्हटलं, एवढंसं तर वाक्य, आठवड्याचं काम.

लग्नाच्या वेळी मुली बघताना तो जितका चोखंदळ नव्हता, तितका गट बघताना झाला. पहिला गट बालवाडीच्या वर्गात भरायचा. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. एवढ्याशा खुर्चीत बसून माणूस आयुष्याबद्दल बोलू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरा वाचनालयाच्या वर. तिथे एक निवृत्त खलाशी सोडलेल्या दारूचं इतकं रसाळ वर्णन करायचा की शेजारच्याने आवंढा गिळलेला मला ऐकू आला. शेजारी भाऊच होता. तिसऱ्या गटातल्या कहाण्या फार मोठ्या. एकाने राहतं घर विकलं होतं, एकाने गाडी तलावात घातली होती. आपण नुसते जिन्यात झोपायचो, हे सांगायची भावाला लाज वाटली. तिथे आपली पात्रता नाही, म्हणाला.

मी काही भोळी नाही. तिन्ही ठिकाणी त्याची बोलायची पाळी आली की त्याला लघवीला लागायचं, आणि तो परत यायचा नाही. मी आपली त्याची पिशवी उचलून मागोमाग बाहेर. बोलून उपयोग नव्हता, मी बोलायला लागले की तो कान पाडून उभा राहतो.

मग एक दिवस त्याला डबा द्यायला मी एका नव्या इमारतीत गेले. तिथे भाऊ नळाचं काम करणाऱ्या एकाशी बोलत होता; त्याला सगळे मामा म्हणतात.

"ये ना शनिवारी," मामा म्हणाला. "आम्ही बसतो. सात-आठ जण असतो. मोकळं बोलतो, मनात काही ठेवत नाही."

माझी सगळी नोकरी शाळेत पोरांना 'बसा' म्हणण्यात गेली. मला त्या शब्दात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, देव पावला. भाऊ नुसता बुटांकडे बघत राहिला, म्हणून त्याच्या वतीने मीच हो म्हटलं आणि पत्ता विचारून घेतला.

शनिवारी संध्याकाळी मी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून बिस्किटांचा पुडा घेतला. रंगाच्या दुकानामागची खोली होती. मधे टेबल, भोवती माणसं, ग्लासांत सरबतासारखं काहीतरी. आधीच्या गटांत नुसता चहा असायचा. म्हटलं, हे लोक हौशी दिसतात. मग नवीन मुलाला वर्गात उभं करून सांगतात तसं मी सांगितलं.

"हा माझा धाकटा भाऊ. दारू सोडतोय. त्याला तुमच्यात बसायचंय. जरा लवकर बोलतं करा, त्याची बायको वाट बघतेय."

एकाने ग्लास हळूच टेबलाखाली नेला. तेव्हा कुठे वास माझ्यापर्यंत पोचला. कोपऱ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघे-तिघे हसले. मामाने मात्र एक खुर्ची पुढे सरकवली आणि असू दे, बस, म्हणाला. खुर्चीसमोर ग्लास भरलेला होता. भाऊ त्या ग्लासाकडे बघत होता. मी त्याचा दंड धरला.

"हसू नका," तो म्हणाला. "ती बरोबर सांगतेय. मी दारुडा आहे."

आवाज काही मोठा नव्हता. हसणं थांबलं. मामाने खुर्ची मागे ओढून घेतली. हातातल्या बिस्किटांचं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून पुडा टेबलावर ठेवला, आणि आम्ही बाहेर आलो.

रस्त्यावर माझं डोकं फिरलं. मामाला, त्याच्या भाषेला, माझ्या अकलेला, कोणाला म्हणून सोडलं नाही. शिकलेली बाई सख्ख्या भावाला हाताला धरून दारू प्यायला घेऊन जाते, म्हटलं. भावाने सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बसतो म्हणजे काय ते."

"मग तोंडात गुळणी का धरली होतीस?"

"मला जायचं होतं, ताई." थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "एकटा गेलो असतो तर बसलो असतो."

मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. तरी म्हटलं, वाक्य तर म्हणून झालं, भावजयीला आत्ताच फोन लावते. तो नको म्हणाला. आत्ता या वेळी कुठला गट भरत असेल, असं त्याने विचारलं. पुलापलीकडे एक भरतो असं मी ऐकून होते, पण आपण तो बघितलेला नाही, माणसं कशी आहेत कोणास ठाऊक, उद्या नीट चौकशी करून जाऊ, असं मी सांगितलं.

"उद्यापर्यंत मी टिकणार नाही," तो म्हणाला. "कशीही असू देत माणसं. तू हात सोडू नकोस."