फुलदाण्यांच्या घरातले बाबा

भावजयीचा फोन आला तेव्हा ताई लॅबमध्ये होती. "ताई, असाल तशा निघून या. घरात फार वाईट झालंय," एवढंच बोलून भावजयीने फोन ठेवला. बाबा पडले, खुब्याचं हाड गेलं, दुसरं काय असणार! ताईने पांढरा कोट खुंटीवर फेकला, उरलेलं काम शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या गळ्यात मारलं आणि मिळेल त्या टॅक्सीत बसली.

दार भावजयीनेच उघडलं.

"बाबा कुठायत?"

"आहेत हो खोलीत, ते ठीक आहेत. तुम्ही आधी यांना बघा."

'यांना' म्हणजे तिच्या नवऱ्याला, ताईच्या धाकट्या भावाला. विमा कंपनीत मोठा साहेब झाला होता, डोक्यावर औषधाला केस उरला नव्हता, पण ताईच्या लेखी तो पिंट्याच. तर हे साहेब बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसले होते. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, समोर मोठा प्लॅस्टिकचा टब. टबात जाड टॉवेल अंथरलेला आणि त्यावर आडवी निजवलेली कमरेएवढी जपानी फुलदाणी, लाल-सोनेरी नक्षीची. पिंट्या पाणी फार गरम नाही ना, हे मनगटावर घेऊन बघत होता. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं.

"ताई, बाबांनी हिच्यात लघवी केली," तो म्हणाला. आवाज अगदी रडवेला.

ताईचा जीव भांड्यात पडला आणि तिला फस्सकन हसूच आलं. "एवढंच ना? अरे मेल्या, मी काय काय मनात आणलं वाटेत!" सकाळपासून लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणारी बाई ती, तिला कसली आलीय त्याची किळस.

"एवढंच?" पिंट्याने मास्क खाली ओढला. "आपल्या पणजोबांच्या आधीची आहे ही! आतून रंध्रात मुरलं तर वास कायमचा राहील. तुझ्यासाठी एवढंच."

फुलदाण्यांचं हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं त्याला बरीच वर्षं झाली होती. आधी एक कपाट होतं, मग भिंत झाली, आता सगळं घर. काचेआड छोटे छोटे दिवे, दिव्यांखाली चिनी निळ्या-पांढऱ्या, खालच्या फळीवर कोरियाच्या फिक्या हिरव्या. प्रत्येकीला तिच्या मापाची लाकडी बैठक, बुडाला मेणाचे ठिपके, म्हणजे धक्क्याने हलायला नको. बिचाऱ्यांनी फूल मात्र जन्मात पाहिलं नसेल. घरातली उन्हाची खोली बाबांची होती. तिथे उजेड छान येतो म्हणून तीही फुलदाण्यांना गेली, आणि बाबा आले स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, जिथे आधी वॉशिंग मशीन आणि जुन्या बॅगा असायच्या. बाबांनी स्वतःचं घर विकलं होतं ते याच घरासाठी, पण तो विषय इथे कोणी काढत नसे.

ताई त्या खोलीत गेली. बाबा पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले होते. खोलीत कुबट वास भरला होता. तिने पायजम्याला हात लावला. गार पडलेला, कडेने सुकून कडक झालेला.

"बाबा, हे कधीचं आहे?"

"दुपारचं."

"आणि कोणी बदललं नाही?"

"त्यांची गडबड चालली होती ना. मीच म्हटलं, आधी तिचं बघा."

आता मात्र ताईला शिसारी आली. तिकडे मातीच्या भांड्याला कोमट पाण्याची आंघोळ, आणि इकडे बाप आपल्या मुतात बसून! सख्ख्या भावाबद्दल असं वाटावं याचीही तिला किळस वाटली, पण वाटायचं थांबेना. तिने बादली आणली, बाबांना पुसलं, मांड्या लाल झाल्या होत्या तिथे पावडर लावली, धुतलेला पायजमा घातला.

"वॉकर कुठाय तुमचा?"

बाबा जरा घुटमळले. "बाल्कनीत. कपाटांच्या काचेला लागतो गं तो. मी भिंत धरून जातो. आज दिवाणखान्यापर्यंतच पोचलो, अर्धं पायजम्यातच झालं आणि मग थांबवेना. खाली गालिचा, तो खराब होईल म्हणून म्हटलं..." ते एकदम तिच्याकडे वळले. "तिला काही झालं नाही ना?"

ताई उठून दिवाणखान्यात गेली. पिंट्या आता सोफ्यावर होता, फुलदाणी मांडीशी धरून मऊ फडक्याने टिपत होता. मध्येच तिच्या तोंडात नाक खुपसून हुंगायचा, पुन्हा टिपायचा. बघवत नव्हतं.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "मला सांग, लघवीतल्या आम्लाने सोन्याचा मुलामा उडतो का गं? तू लॅबमधली, तुला माहीत असणार. म्हणून तर हिला म्हटलं, ताईला बोलाव."

"म्हणजे मला बाबांसाठी नाही बोलावलंत?"

भावजय पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"बाबांचंही बोलायचं होतंच," पिंट्या म्हणाला. "एक संस्था बघून ठेवलीय. नर्स असते, बाग आहे, छान आहे सगळं. सोमवारी सोडून येतो. आज ही वाचली, उद्या त्या कोरियन हिरवीवर हात टेकला म्हणजे?"

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना काय कळतंय आता!"

बाबा दारात उभे होते, चौकट धरून. त्यांना सगळं कळलं होतं.

"पिंट्या, परत नाही रे व्हायचं असं," ते म्हणाले. "माझ्या खोलीत एक भांडं ठेव. प्लॅस्टिकचं चालेल. पण मला इथंच राहू दे. संध्याकाळी तू येतोस, तुझा आवाज कानावर पडतो, बास."

"बाबा, तुम्ही आत बसा ना," पिंट्या म्हणाला. "पाय ओले आहेत तुमचे. गालिचा आहे इथे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस तुझा गालिचा उरावर घेऊन! बाबा, चला माझ्याकडे. दोनच खोल्या आहेत, पण पलंगापासून बाथरूम चार पावलांवर आहे आणि वाटेत काही फुटण्यासारखं नाही."

ती कपडे भरत होती तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "येतो गं मी. पण निघताना तो राहा म्हणाला, तर मला ओढून नेऊ नकोस हं."

"नाही नेणार," ताई म्हणाली. म्हणू दे रे देवा एकदा, असं तिलाही वाटलं. एवढं सगळं बघूनही वाटलं.

बाल्कनीतून आणलेल्या वॉकरवर कबुतरांची घाण वाळून बसली होती. तिने पिंट्याचं ते खास मऊ फडकं उचललं आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या फडक्यानेच वॉकर खसाखसा पुसला. पिंट्या तोंड उघडून बघत राहिला. तो दाराशेजारी फुलदाणी बैठकीवर ठेवत होता. बुडाचं मेण अजून लावायचं होतं.

बाबा निघाले. वॉकर पुढे, मग एक पाऊल, पुन्हा वॉकर. दारापाशी येऊन ते थांबले आणि लेकाकडे वळले. वळताना वॉकरचा पाय बैठकीला लागला, अगदी निसटता. पिंट्या दोन्ही हात पसरून झेपावला. बाबांचा चेहरा असा काही उजळला की ताई दोन पावलं मागे सरली. त्यांनी एक हात सोडून वर उचलला, लेकाला जवळ घ्यायला.

पिंट्याने फुलदाणीला मिठी मारली.

बाबांचा हात तसाच वर राहिला. मग तो त्यांनी वाकलेल्या लेकाच्या पाठीवर टेकवला. "धर हो, नीट धर," ते म्हणाले. "येतो मी."

पिंट्याने मान वर केली नाही. "दार सावकाश लावा," तो म्हणाला, "हादरा बसतो."

ताईने बाबांना बाहेर काढलं आणि दाराची मूठ पकडली. त्या घरातलं एकूण एक भांडं खाली यावं अशा ताकदीने ते आपटायचं तिने ठरवलं होतं. पण बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, आणि वॉकरवर ओणवून, जराही आवाज होऊ न देता, स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.