एकशेएकसष्टावं पान

आमच्या प्रकाशनाचा पहिला ग्रंथ दोघा भावांनी काढला, थोरल्याने लिहिला आणि धाकट्याने छापला, एवढं सगळेच सांगतात. थोरला त्यातलं शेवटचं पान लिहिण्याआधीच गेला होता, हे मात्र त्याच्या लेकीने म्हातारपणी मला सांगितलं.

तेव्हा शिळाछाप होती. थोरला भक्तांच्या गोष्टी मनात रचत थेट दगडावरच टाकाने लिहायचा, उलट्या अक्षरांत. कच्चा कागद म्हणून नाहीच. पान छापून झालं की लेक वाळू-पाणी घालून दगड घासायची. दगड पुढच्या पानाला मोकळा. एकशेसाठ पानं झाली आणि बाप तापात गेला. वीस पानं राहिली.

धाकटा भाऊ, म्हणजे तिचे काका, म्हणाले, "घास तो दगड. त्यावर शाळेचं गणित छापू."

तिचा हात चालेना. बापाचं अक्षर ते! तिने आपला वरवर फिरवला हात. गणिताचा पहिला छाप काढला, तर आकड्यांखाली फिकट ओळी. वळण बापाचंच. पण पान एकशेएकसष्टावं. ते तर त्याने लिहिलंच नव्हतं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "दादा हातचं काम टाकून जायचाच नाही! पोरी, रोज असाच वरवर घास."

गणित राहिलं बाजूला. रोज एक पान येऊ लागलं. सकाळी दगड कोमट लागे. तिला बरंच वाटे. बाप घरातच असल्यासारखं. पण पानागणिक अक्षर थरथरत चाललं, तापातल्यासारखं. एकशेऐंशीव्या पानावर ‘समाप्त’ उमटलं, तेव्हा तिने हात जोडले. देवाने पुरं करून घेतलं म्हणाली.

काकांनी दगडाला थोपटलं. "दादा, आता दुसरा भाग! ना भूक, ना झोप, ना रजा. असा माणूस शोधून मिळायचा नाही."

"काका, ते दमलेत हो."

"मेलेला माणूस दमतो होय गं?"

दुसऱ्या दिवशी दगडाला हात लावला, तर चटका बसला. छापात एकच ओळ, तीही घसरत खाली गेलेली.

ती वाळू घेऊन बसली. खोल घासलं तर बापाचं अक्षर पुन्हा डोळ्यांना दिसायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तळव्यांखाली, दगडाच्या आत, बापाचा टाक कुरकुरत होता, मालकाने हाक मारल्यागत, घाईघाईने. ती देवाचं नाव घेत घासत राहिली. कुरकुर मंदावली, थांबली. दगड गार पडला.

काका आले. कोरा दगड पाहून ओरडलेच, "दादा कुठंय?"

"निजलेत," ती म्हणाली. "हळू बोला."