थिरथिऱ्याचं दुसरं नाव

अनंतरावांनी दुर्बीण द्वारकावहिनींच्या हातात दिली, तर त्यांनी ती उलटी धरली.

"सगळं लई लांब गेलं की, साहेब."

अनंतरावांनी ती सुलटी करून दिली. पडेगावच्या या बांधावर ते दर वर्षी होळीच्या आधी यायचे, पण वहिनींच्या मालकांबरोबर, कारभारींबरोबर. कचेरीत जन्म घालवलेला पेन्शनर आणि अंगठेबहाद्दर शेतकरी, पण पाखरांपायी सोळा वर्षं दोघांचं मेतकूट जमलं होतं. पुस्तकातलं नाव अनंतरावांनी सांगायचं, गावाकडचं कारभारींनी. यंदा संक्रांतीला कारभारी गेले. आज एकट्यानं बांध चढायला अनंतरावांचे पाय उचलेनात, तेव्हा "काय दिसायचं त्यांना तिथं, बघू तरी," म्हणत वहिनीच सोबत निघाल्या होत्या.

ऊन तापू लागलं होतं, वाऱ्यात मात्र अजून गारवा होता. बाभळीखालच्या दगडावर तांबूस शेपटीचं एक पाखरू येऊन बसलं. शेपटीला घडीची उसंत नाही, सारखी थरथर.

"ती बघा, आवडी!" अनंतराव हरखून म्हणाले. "पुस्तकात थिरथिरा. तुमच्याकडं आवडी म्हणतात ना? मी यादीत तसंच लिहिलंय."

वहिनींनी दुर्बीण खाली घेतली.

"असं नाव नाय कुण्या पाखराचं."

"अहो, कारभारींनीच सांगितलं."

"आवडी आमची पोरगी. चार वर्षांची असताना तापानं गेली. एका जागी ठरायची नाय." त्या बांधावरच बसल्या. "तीस वर्षं त्यांनी घरात तिचं नाव काढलं नाय. मी काढलं तर उठून जायचे. वाटलं, दगडाच्या काळजाचा माणूस, इसरला. मरंपर्यंत तोच राग धरला मी."

अनंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणे पाखरांतले जाणकार, आणि सोळा वर्षांत शेजारचा माणूस ओळखता आला नाही!

"चुकलं माझं, वहिनी. यादीतलं नाव खोडतो."

"खोडू नका."

पाखरू पुढच्या दगडावर गेलं. आठ-पंधरा दिवसांत ते उत्तरेकडं निघून जाणार होतं, पण ते सांगायचा धीर अनंतरावांना झाला नाही.

"काय म्हणायचे वो ते, तिला बघून?"

"म्हणायचे, 'आली बघा आमची आवडी.'" आमची म्हणजे गावाकडची, असंच अनंतराव इतकी वर्षं समजत आले होते.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

"आजून एकदा म्हणा."