गरम बिस्किटाचे गुण

विभागातल्या एकुलत्या एका ओव्हनचं दार उघडलं की अख्ख्या मजल्याचं कामकाज थांबायचं. कारकून फायली मिटायचे, ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवून जिना उतरायचे, आणि एरवी एका सहीसाठी चार खेटे घालायला लावणारे विभागप्रमुख आपणहून येऊन विचारायचे, "काय, आज चाखायला माणसं कमी नाहीत ना?"

ही सगळी किमया बिस्किटताईची. विद्यापीठाच्या अन्नशास्त्र विभागात ती संशोधन करत होती. निम्मीच साखर असलेलं, तरीही मुलांनी मागून खावं असं बिस्किट तिला बनवायचं होतं. तिचं खरं नाव आता फक्त तिच्या ओळखपत्रालाच आठवत असावं.

चाखण्याची रीत मोठी कडक होती. लहान लहान कप्प्यांत माणसं एकेकटी बसत. पुढ्यात दोन बशा. एकीत नेहमीचं बिस्किट, दुसरीत नवं. बशीवर नुसती खूण, कुठलं कोणतं ते खाणाऱ्याला ठाऊक नसे. मुकाट्याने खायचं, गुण द्यायचे आणि उठायचं. अशा या परीक्षेत नवं बिस्किट पहिलं आलं, तेही दणक्यात. निष्कर्ष विद्यापीठाच्या संकेतस्थळावर झळकले. वर्षातल्या उत्तम संशोधनाचा पुरस्कार तिलाच द्यायचं ठरलं, आणि त्याच्यासोबत पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती. आईने तर ज्या मावशीशी बोलणं टाकलं होतं, तिलाही फोन करून बातमी दिली.

एके दुपारी बिस्किटताईलाही एक फोन आला. दूरच्या विद्यापीठातली एक मुलगी बोलत होती.

"ताई, मी तुमचीच पद्धत वापरतेय. प्रमाण तेच, आच तीच. पण आमच्याकडे त्या बिस्किटाला कुणी गुणच देत नाही. सर म्हणतात, तुझ्या हातालाच चव नाही, विषय बदल. खरंच सोडून देऊ का हो?"

तिचा आवाज रडवेला झाला होता. बिस्किटताईने तिला धीर दिला. पीठ दोनदा चाळ, लोणी थंड घे, असं काय काय सांगितलं. फोन ठेवला आणि मनातल्या मनात ती जराशी सुखावलीसुद्धा. शेवटी आपला हात तो आपला हात! माणसाचं मन असंच असतं, वाचकहो. दुसऱ्याच्या रडण्यातही ते आपलं कौतुक शोधतं.

संध्याकाळी तिने उरलेली नवी बिस्किटं डब्यात भरून घरी नेली. तिच्या बाबांना खोटं बोलता येत नसे आणि लेकीपुढे खरं बोलायचा धीर होत नसे. त्यांनी एक घास घेतला आणि उरलेलं बिस्किट हळूच कपामागे सरकवलं.

"काय झालं, बाबा?"

"कुठे काय? छान आहे. पोट भरलंय माझं."

"त्या दिवशी विभागात आलात तेव्हा तर बशी चाटूनपुसून संपवलीत."

"तेव्हा ती गरम होती गं," बाबा चाचरत म्हणाले. "आज भुसा खाल्ल्यासारखं वाटतंय."

"गरम असलं की काहीही गोड लागतं," आई आतून म्हणाली. "फुंकर मारतानाच निम्मी चव येते."

बिस्किटताईचा हात डब्यावरच थांबला. ओव्हन एकच होता. म्हणून नेहमीची बिस्किटं ती आदल्या संध्याकाळी भाजून ठेवायची आणि नवी त्याच दिवशी सकाळी, चाखणारी माणसं येण्याच्या बेताला. यात लबाडी नव्हती, नुसती सोय होती. पण बशीवरचं नाव झाकलं तरी वाफ कुठे झाकली जाते! लोकांनी गुण दिले होते ते उबेला. आणि तिकडे एक पोर आपल्याच हाताला दोष देत बसली होती. 

सकाळी तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं. त्याला सगळे शॉर्टकट म्हणत, आणि त्याला ते नाव आवडायचं.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "गुण लोकांनी दिले, तू थोडेच घातलेस? गरम की गार, असं विचारलंय कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरस्कार घे, शिष्यवृत्ती घे, मग सावकाश दुरुस्त कर."

खरं सांगायचं तर तिला ते पटलं. पटावंसंच वाटत होतं. मॅडमही असंच काहीतरी म्हणतील, या आशेने ती त्यांच्या खोलीत गेली. या मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्यांनी सगळं ऐकलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"ओव्हन एकच आहे हे मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तरी मी विचारलं नाही आणि निष्कर्षांवर सही ठोकली. तेव्हा चूक दोघींची."

"पण मॅडम, मुद्दाम नव्हती केली."

"कालपर्यंत नव्हती. कळलं नव्हतं तोवर ती चूक होती. आता कळूनही गप्प बसलीस तर ती लबाडी."

"शिष्यवृत्ती जाईल."

"जाईल. मलाही वाईट वाटेल, तुझ्याइतकंच. पण मला एक सांग, त्या मुलीचा पुन्हा फोन आला तर काय सांगशील? पीठ तिसऱ्यांदा चाळ?"

बिस्किटताईचे डोळे भरून आले. 

"अगं, आपण लिहिलेलं कपाटात पडून राहत नाही," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी त्यावर विश्वासाने पाय ठेवतं. पायरी कच्ची असली तर पडतो तो दुसराच."

"लिहिते मी विद्यापीठाला पत्र," बिस्किटताई डोळे पुसत म्हणाली. "आत्ताच लिहिते!"

"लिही. खाली पहिली सही माझी."

पुरस्कार आणि शिष्यवृत्ती गांडुळांवर काम करणाऱ्या एका संशोधकाला गेली. विभागप्रमुख दोन दिवस फुगून बसले. मग चाखणी नव्याने झाली. या वेळी दोन्ही बिस्किटं एकाच दिवशी भाजलेली, आणि दोन्ही पुरती गार. कारकुनाने बशीला हात लावून पाहिला आणि "हे काय, गार?" म्हणत असं तोंड केलं, की जणू त्याची पगारी रजाच कापली गेली होती. नवं बिस्किट सपशेल हरलं. तोही निकाल संकेतस्थळावर गेला, आधीच्याइतक्याच ठळक अक्षरांत.

त्याच दिवशी तिने त्या मुलीला फोन लावला.

"तू बिस्किटं गार झाल्यावर देतेस ना?"

"हो ताई. दोन्ही गार करूनच. चुकतं का काही?"

"नाही गं. तुझेच गुण खरे आहेत. माझी गरम होती, म्हणून जिंकली. तुझ्या हातात काहीही खोट नाही."

पलीकडून लगेच आवाज आला, "ताई, थांबा हं. हे पुन्हा एकदा म्हणा, मी स्पीकरवर टाकते. सर! ओ सर, जरा इकडे या!"

बिस्किटताईने ते वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने. पुरस्कार घेताना ती जेवढी हसली असती, त्याहून जास्त हसली. पुढचं काम दोघींनी मिळून करायचं, असं त्याच फोनवर ठरलं. शिष्यवृत्तीसाठी पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता, आणि तोवर शिकवण्या घ्यायच्या होत्या.

वाचकहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? ती लपवली तर तिची किंमत कुणीतरी अनोळखी माणूस मोजतो, आणि आपल्याला त्याचा चेहराही दिसत नाही. म्हणून आपल्या कामातलं गरम-गार आपणच आधी सांगून टाकावं, मग ते विद्यापीठ असो, दुकान असो की घर. बिस्किटताईच्या विभागात आता बिस्किटं गार झाल्यावरच मिळतात. ओव्हनपाशी सगळ्यांत आधी शॉर्टकट येऊन उभा राहतो, आणि त्यालाही थांबावं लागतं.